कडा रिकामा नसतो : सह्याद्रीच्या कपारींतील वनस्पतींविषयी

सह्याद्रीतले जंगल म्हटले की डोळ्यांपुढे येते ती दाट राई. भीमाशंकरची, कोयनेच्या खोऱ्यातली, आंबोलीची. झाडे मोजायची ती तिथली, राखायची ती तिथली, आणि जंगल वाढले की घटले हा हिशेबही तिथलाच. राईच्या वर जो काळा कडा उभा असतो, तो या हिशेबात कुठेच नसतो. सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराब्यात जाते, वृक्षलागवडीच्या आराखड्यात तिला ओसाड म्हणतात, आणि गडावर येणाऱ्यांच्या लेखी ती फोटोची पार्श्वभूमी असते.

या पुस्तकाचे म्हणणे याच्या उलट आहे. उत्तर सह्याद्रीत, म्हणजे ढोबळमानाने गोव्याच्या वरच्या बाजूला, ज्या वनस्पती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत, त्यांचा मोठा वाटा राईत नाही. तो उघड्या कड्यांवर, सड्यांवर आणि गवताळ उतारांवर आहे. त्यांतली बहुतेक झाडे नव्हेतच. त्या वीतभर उंचीच्या, दोन-तीन महिने दिसून नाहीशा होणाऱ्या, कंदाच्या किंवा बियांच्या आधाराने वर्ष काढणाऱ्या वनस्पती आहेत. म्हणूनच त्या नजरेतून सुटतात आणि ‘इथे काहीच नाही, काहीतरी लावू या’ असे आपण म्हणून मोकळे होतो.

साल्हेर-मुल्हेरपासून तिलारीपर्यंतच्या उंच कड्यांवरच्या आणि त्यांना लागून असलेल्या उतारांवरच्या वनस्पतींची ओळख पुढच्या पानांत आहे. त्याआधी हा कडा कसा घडला, त्यावर जगणे म्हणजे काय, आणि आज तिथे नेमके काय बिघडते आहे, एवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

कडा कसा घडतो

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. सगळे थर सारखे नव्हते. काही भरीव आणि टणक, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकाळ आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा राहिला. पावसाने हे सगळे झिजवायला घेतले तेव्हा टणक थर उभे तुटले आणि त्यांचे कडे झाले. मऊ थर आत झिजत गेले आणि त्यांच्या कपारी झाल्या. जिथे झीज जास्त झाली तिथे रुंद पदर तयार झाला. डोंगरात फिरणाऱ्यांना पदर, सोंड, घळ, नाळ, कपार हे शब्द नवे नाहीत. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र यांतला प्रत्येक शब्द वेगळे घर सांगतो. पदरात माती साचते, तिथे रान उभे राहते. घळीत सावली आणि ओल टिकते. कपारीत चिमूटभर माती असते, पण भोकाळ थरातून पाझरणारे पाणी तिला पाऊस थांबल्यावरही काही आठवडे मिळत राहते. उघड्या कातळावर माती जवळजवळ नसतेच.

उंची हा दुसरा धागा. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७, महाबळेश्वर १,४३८, हरिश्चंद्रगड चौदाशेच्या पुढे. हिमालयाच्या हिशेबात ही उंची क्षुल्लक आहे. पण दर हजार मीटरला हवेचे तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तळकोकणातून घाटमाथ्यावर येईपर्यंत आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी जवळजवळ दरवर्षी येते. त्यात उत्तरेकडे तोंड केलेल्या कड्यावर थेट ऊन कमी पडते आणि पश्चिमेकडच्या कड्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग अक्षरशः टेकलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे एकाच डोंगररांगेत, एकाच उंचीवर, दोन शेजारच्या कड्यांवरची वनस्पती वेगळी असते.

एका कपारीचे वर्ष

कडा म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर एकाच कपारीकडे वर्षभर पाहावे. घाटमाथ्यावरच्या एखाद्या पश्चिमाभिमुख कड्यावरची, हातभर लांब आणि वीतभर रुंद कपार धरू.

मे महिन्यात तिथे राखाडी कातळ, तडकलेले शेवाळ आणि वाळून मुठीसारखे मिटलेले सिलॅजिनेला असते. कातळावर दुपारी हात टेकवत नाही. वळवाच्या पहिल्या सरीनंतर काही तासांतच हे मिटलेले झुबके उलगडतात आणि हिरवे होतात. ते मेलेले नसतातच. अंगातले जवळजवळ सगळे पाणी जाऊनही पेशी शाबूत ठेवण्याची क्षमता या वनस्पतीत आहे. काही नेच्यांत आणि ट्रायपोगॉनसारख्या कातळावरच्या गवतांतही ती आहे.

जुलैत कपार धुक्यात बुडते. वरून पाणी झिरपत असते. त्या ओल्या भिंतीवर बिगोनियाची गुलाबी फुले आणि तेरड्याच्या कुळातल्या कातळावर राहणाऱ्या जाती दिसू लागतात. या पाझरात पोषक द्रव्ये फार थोडी असतात. मुसळधार पाऊस नत्र टिकू देत नाही. म्हणून इथे कीटकभक्षी वनस्पतींची वस्ती असते. सीतेची आसवे ही जांभळी-निळी फुले बघणाऱ्याला नाजूक वाटतात, पण त्यांच्या बुडाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म जीवांना ओढून घेणाऱ्या पिशव्या असतात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब तेच काम उघड्यावर करतात.

ऑगस्टमध्ये कपारीच्या मातीतल्या कंदांतून खर्चुडीचे वेल बाहेर येतात. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, कवला यांनी उतार रंगतात. ऑक्टोबरात निळवंतीचे निळे तुरे गवतातून डोके वर काढतात. नोव्हेंबरात गवत पिवळे पडते, बिया वाऱ्यावर जातात आणि जानेवारीत कपार पुन्हा राखाडी होते. ज्याने ती फक्त मार्चमध्ये पाहिली, त्याने तिथे काहीच नाही असे म्हटले तर त्याचे डोळे खोटे नव्हेत. त्याचा महिना चुकला.

तग धरण्याच्या तऱ्हा

चार महिने अतोनात पाणी आणि आठ महिने जवळजवळ काहीच नाही, या दोन टोकांत जगण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. त्यांतल्या चार इथे पाहू.

पहिली कारवीची. कड्याखालच्या तीव्र उतारांवर ती मैलोन्‌मैल पसरते, सात वर्षे फक्त वाढते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते. बी धरते आणि मरते. पुढच्या पावसात तिच्याच वाळक्या काड्यांखाली रोपांचा गालिचा उगवतो. तिच्या सरळ काठ्यांचे कुड घाटातल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या पुरले. उतारावरची वरची माती धरून ठेवण्यात तिचा वाटा मोठा आहे. अर्थात इथे अतिशयोक्ती नको. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथे जे झाले, तशी खोलवरून सुटलेली दरड कोणतेही झुडूप थांबवू शकत नाही. पण दर पावसात होणारी मातीची धूप कारवी थांबवते, आणि तीच गेली की उतार उघडा पडतो.

दुसरी रानकेळीची. कुठे तिला कवदर म्हणतात, कुठे चवेणी. थेट कड्याच्या फटीत ती उभी असते आणि पावसाळ्यात तिची मोठी पाने दरीवर झुकलेली दिसतात. उन्हाळ्यात पाने वाळून जातात, उरतो फक्त फुगीर बुंधा. असे काही वर्षे चालते, मग एकदाच कमळ येते, टणक काळ्या बियांची फळे लागतात आणि झाड संपते. बागेतल्या केळीसारखे बाजूला पिल्ले फुटणे हिच्यात नाही. त्यामुळे फुलण्याआधी बुंधा तोडला की त्या झाडाचा वंश तिथेच खुंटतो.

तिसरी खर्चुडीची, म्हणजे सेरोपेजियाची. भारतात हिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत, आणि त्यांतल्या काही तर एखाद-दोन डोंगरांपुरत्या. फुलाची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. तळाशी फुगवटा, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या वर जुळून झालेला पिंजरा. एकूण आकार छोट्या कंदिलासारखा, म्हणून कंदीलपुष्प हे नाव. वासाने ओढलेली बारीक माशी पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते. नळीच्या आतले केस खाली झुकलेले असतात, त्यामुळे उतरणे सोपे आणि परत येणे अशक्य. तळाच्या खोलीत ती धडपडते तेव्हा परागांच्या चिमुकल्या पिशव्या तिच्या सोंडेला चिमट्यासारख्या अडकतात. एखादा दिवस गेला की केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि सुटलेली माशी पुढच्या फुलात पुन्हा फसते. फळधारणा झाली तर शेंगांची जोडी येते, ती तडकते आणि रेशमी झुपका असलेल्या बिया कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर दुसऱ्या कपारीत जाऊन पडतात. या साखळीतली एकही कडी सुटून चालत नाही. माशी हवी, वारा हवा, आणि पलीकडे रिकामी कपार हवी.

चौथी शिवसुमनाची. जुन्नरच्या डोंगरांतून एन. ए. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हिचे वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. शिवनेरीच्या परिसरातली म्हणून मराठीत ती शिवसुमन झाली. जुने नाव शिंदळमाकुडी. हिचे खोड जाड, मांसल, कड्यावरून लोंबणारे. पावसाळ्यात त्यावर पाने येतात, उन्हाळ्यात ती गळतात आणि हिरवे खोडच अन्न बनवण्याचे काम चालू ठेवते. तिच्या जवळच्या नातलगांना अशी खरी पाने नसतात, हिला असतात, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना तिचे कुतूहल आहे. फूल किरमिजी, पंचकोनी, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक केसांची झालर. १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश केला. पुढच्या सर्वेक्षणांत पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणीही ती सापडली. पण प्रत्येक ठिकाणी आहे ती कड्याच्या एका पट्ट्यापुरती.

डोंगरमाथ्यांची बेटे

निळवंती ज्या डेल्फिनियम प्रजातीतली आहे, तिच्या भारतातल्या बाकीच्या जाती मुख्यतः हिमालयात आहेत. घाटमाथ्यावरचे थॅलिक्ट्रम आणि स्वर्टिया यांचीही गोतावळ्याची नाळ थंड प्रदेशांशी जुळते. काश्मीर आणि कुमाऊंमधल्या वनस्पतींचे हे नातलग महाराष्ट्रात तग धरून आहेत ते केवळ उंची, धुके आणि सावली मिळते म्हणून. दोन माथ्यांच्या मध्ये उष्ण पठार किंवा खोरे पसरलेले असते आणि ते या वनस्पतींना ओलांडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक उंच माथा एक बेट ठरतो, आणि बेटांवर होते तेच इथेही होते: वेगळेपण वाढत जाते आणि संख्या लहान राहते.

हवामानबदलाचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवे. हिमालयातल्या वनस्पतींना तापमान वाढले तर निदान काही उंची वर सरकायला शिल्लक आहे. कळसूबाईच्या माथ्यावरच्या वनस्पतीला वर जायला जागाच नाही.

पाहणाऱ्यांची परंपरा

या कड्यांचा अभ्यास नवा नाही. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी करायला घेतली, ती छापून पुरी होण्याआधीच १८३९ मध्ये खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला आणि जोसेफ निम्मो यांनी ती पूर्ण केली. १८६१ मध्ये डालझेल आणि गिब्सन यांचे ‘द बॉम्बे फ्लोरा’ आले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडाने निघाला आणि तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव यांनी खंडाळा (१९५३) आणि पुरंदर (१९५८) या दोन ठिकाणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. एकाच डोंगराकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्याचा तो वस्तुपाठ आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात उभी केलेली संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि घाटमाथ्यावरच्या एका पिवळ्या कवल्याच्या नावातही ते आहेत.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले ना. भि. रानडे यांच्या वाट्यालाही असा मान आला. आंबा घाटातल्या एका घंटेच्या आकाराच्या फुलाला १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाफ यांनी त्यांचे नाव दिले. ही अब्युटिलॉन रानडेई, मराठीत सोनघंटा. दीर्घकाळ ती फारशी कुणाला दिसलीच नाही. आता ती आंबा घाटाबाहेरच्या मोजक्या कड्यांवरूनही माहीत झाली आहे, पण तिची गणना अजूनही अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते.

हबार्डिया हेप्टान्यूरॉन या गवताची कथा तर आवर्जून सांगायला हवी. १९१९ मध्ये सेजविक आणि बेल यांनी गिरसप्पा धबधब्याच्या तुषारांत भिजणाऱ्या खडकावरून हे इवलेसे गवत गोळा केले. नॉर्मन बोर यांनी पुढे त्याची स्वतंत्र प्रजाती केली. १९६० च्या दशकात लिंगनमक्की धरण झाले, धबधब्याचे पाणी विजेसाठी वळले, कातळावरचे तुषार कमी झाले आणि गवत पुन्हा कुणाला सापडेना. ते नामशेष झाले असे जाहीरही झाले. या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांना ते तिलारी परिसरातल्या एका ओल्या कातळावर पुन्हा मिळाले. गवत सापडले याचा आनंद खराच. पण त्याच्या नाहीसे होण्याची रीतही तितकीच ध्यानात ठेवावी. कुणी ते उपटले नाही, जाळले नाही, त्यावर गुरे चारली नाहीत. फक्त पाण्याची वाट बदलली, आणि एवढे पुरे झाले.

नवे शोधही थांबलेले नाहीत. अलीकडेच विशाळगड परिसरातून वर्णिलेल्या एका नव्या खर्चुडीला शिवाजी महाराजांच्या नावावरून नाव मिळाले. तळेगाव दाभाडेजवळच्या गवताळ उतारांवरून आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही जाती जाहीर केली. ती वर्षातून दोनदा फुलते, एकदा पावसाळ्यानंतर आणि दुसऱ्यांदा वणव्यानंतर. पुण्या-मुंबईच्या मध्ये, महामार्गाच्या हाकेवर, अशी वनस्पती इतकी वर्षे अनोळखी राहू शकते, तर दूरच्या कड्यांवर काय असेल?

हानी कशाने होते

उघड हानी सगळ्यांना दिसते. कोल्हापूरकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते आले. घाटरस्ते रुंद करताना कडे तासले जातात आणि त्यांवर जाळ्या व सिमेंटचा थर चढतो. सुरक्षिततेसाठी काही ठिकाणी ते अपरिहार्यही असते, पण त्या कड्यावरचा पाझर कुठे वळला याची नोंद कुणी ठेवत नाही. खर्चुडीचे कंद गोड लागतात, गुराख्यांची पोरे ते पूर्वीपासून खात आली. तेवढ्याने ती संपली नसती. त्यात दुर्मिळ वनस्पतींच्या हौशी संग्राहकांची भर पडली तेव्हा लहान वस्त्यांना ते सोसेनासे झाले.

वणव्याबद्दल सरसकट निवाडा करता येत नाही. डायक्लिप्टेराचे उदाहरण सांगते की काही गवताळ उतारांची आगीशी जुनी ओळख आहे. पण चांगले गवत येते या समजुतीने दरवर्षी, त्याच उतारावर, कडाक्याच्या उन्हात लावलेली आग कारवीची रोपे आणि कपारीतल्या बिया शिल्लक ठेवत नाही. किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात, किती उतारावर, याचा अभ्यास होऊन ते ठरायला हवे.

या पुस्तकाला अधिक काळजी वाटते ती चांगल्या हेतूने होणाऱ्या हानीची. जून उजाडला की गडांवर सीडबॉलच्या पिशव्या चढतात. टाकणाऱ्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण ज्या उतारावर हजारो वर्षांत मोठे झाड उभे राहिले नाही, तिथे ते न राहण्याला कारण आहे. माती नाही, किंवा आठ महिने पाणी नाही, किंवा वारा नाही म्हणतो. तिथे टाकलेले बी बहुधा मरते, तो भाग सोडून देऊ. जे जगते ते अधिक नुकसान करते, कारण त्याच्या सावलीत उघड्या उन्हाची सवय असलेली सोनकी, कवला, खर्चुडी टिकत नाहीत. लागवडीत सर्रास लावल्या गेलेल्या गिरिपुष्पाचे असेच झाले. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकते आणि टिकते म्हणून पुन्हा लावले जाते. झाडे लावू नयेत असे कुणी म्हणत नाही. तोडलेल्या राईच्या जागी, गावाच्या शिवारात, ओढ्याच्या काठी ती लावावीत. उघडा उतार मात्र अर्धवट राहिलेले जंगल नव्हे, तो स्वतःच्या परीने पूर्ण आहे.

गडसंवर्धनाची गोष्टही अशीच आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड आहेत. आता निधी येईल, कामे निघतील. तटातला पिंपळ काढलाच पाहिजे, त्याच्या मुळांनी चिरा फुटतो. पण त्याच झपाट्यात टाक्यांभोवतीचा आणि कड्याचा सगळा हिरवा थर खरवडून गड चकाचक केला जातो, तेव्हा त्या थरात काय होते हे पाहायला कुणी नसते. शिवनेरीला वारसा म्हणून जपताना शिवसुमन त्याच वारशाचा भाग मानायला हरकत काय? कामाच्या ठेकेदाराला दगडांची यादी देतात, तशी वनस्पतींचीही यादी द्यावी आणि ती करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ काम चालू असताना गडावर असावा. खर्च नगण्य आहे.

काय करता येईल

कायदे आणि अहवाल कमी नाहीत. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये. पश्चिम घाटातले ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करण्याचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. पहिला मसुदा २०१४ चा होता. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे आणि त्याने बरेच राखलेही. जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी ३९ स्थळे गेली, त्यांत महाराष्ट्रातून कोयना, चांदोली आणि राधानगरीच्या रानांबरोबर कासचे उघडे पठारही होते. म्हणजे उघड्या जागेचे मोल जगाने मान्य केले आहे. मात्र त्यानंतर कासवर लोटलेली गर्दी आणि कुंपण असावे की नसावे यावरचा वाद पाहता, प्रसिद्धी म्हणजे संरक्षण नव्हे हेही उघड झाले आहे.

मोठ्या अधिसूचनांची वाट पाहत असताना गावपातळीवर बरेच होऊ शकते. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ नोंदवह्यांत झाडे, पक्षी, पिके असतात आणि कडा कोरा असतो. कोणत्या कपारीत कवदर आहे, कोणत्या उतारावर खर्चुडी उगवते, कोणता पाझर कधी आटतो, हे ठाकर, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांतल्या जाणत्यांना तोंडपाठ असते. ते आधी वहीत यावे.

विद्यापीठांच्या वनस्पती उद्यानांतून आणि संशोधन केंद्रांतून खर्चुडी, शिवसुमन यांची रोपे वाढवण्याचे काम झाले आहे, होत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्यान त्यात अग्रेसर आहे. हे काम मोलाचे आहे, पण ते विम्यासारखे समजावे. कुंडीतल्या रोपाला ती बारीक माशी भेटत नाही आणि त्याच्या बिया दुसऱ्या कपारीत जात नाहीत. मूळ कडा राहिला तरच त्या रोपाला परत नेण्यासारखी जागा राहील.

पुढच्या प्रकरणांची मांडणी कुळांनुसार नाही, जागेनुसार आहे: ओला कातळ, कोरडा कातळ, कपार, घळ, पदर, गवताळ उतार. डोंगरात माणूस आधी जागेवर पोहोचतो आणि मग फूल पाहतो, म्हणून. दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत. एखाद्या वाचकाला ते गैरसोयीचे वाटेल, पण सापडलेल्या जागेचा नकाशा छापला जाणे आणि जागा रिकामी होणे यांत हल्ली फार अंतर राहत नाही.

हे पुस्तक घेऊन गडावर जाणाऱ्यांकडे मागणे थोडेच आहे. पावसाळ्यात आणि लगेच नंतर जा. कपारीवर पाय देण्याआधी तिथे काय आहे ते पाहा. फोटो काढा, पण त्याला ठिकाणाची खूण जोडू नका. कंद उकरू नका, रोप घरी नेऊ नका, आणि सीडबॉल कड्यावर टाकू नका. परतीच्या वाटेवर पायथ्याच्या गावात थांबा, जे पाहिले ते तिथल्या ग्रामपंचायतीत सांगा आणि नोंदवहीत लिहून घ्यायला लावा. उघडा कडा वाचवण्यासाठी त्यावर काही लावावे लागत नाही. तो आहे तसा राहू द्यावा लागतो.